मिठाच्या पाण्यातली शेती

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. समुद्र पाहायचा तर कसारा घाट उतरून मुंबई गाठायची, नाहीतर त्र्यंबक-जव्हारवरून डहाणूला जायचे. त्यामुळे इथे घरात प्रवाळ पाळणाऱ्याला समुद्र पिशवीतून विकत आणून पाण्यात कालवावा लागतो. गंगापूर धरणाचे पाणी नळातून येते. ते आधी आरओमधून, मग आयन शोषणाऱ्या रेझिनमधून गाळायचे, म्हणजे त्यातले क्लोरीन आणि क्षार निघून जातात. नंतर त्यात खास तयार केलेले समुद्री मीठ लिटरला सुमारे ३५ ग्रॅम या प्रमाणात विरघळवायचे आणि घनता १.०२६ च्या आसपास आली की थांबायचे. स्वयंपाकघरातले मीठ इथे चालत नाही. ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड असते. समुद्रात त्याच्याबरोबर मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट हे सगळे ठरावीक प्रमाणात असते, आणि प्रवाळाचा सांगाडा तर कॅल्शियमवरच उभा राहतो.

एवढे केल्यावर रसायनशास्त्राच्या हिशेबाने काचपेटीत समुद्र तयार झालेला असतो. तरी त्यात एक मोठी उणीव राहते. किनाऱ्याजवळच्या समुद्राच्या एका मिलिलिटर पाण्यात वनस्पतिप्लवकांच्या हजारो पेशी तरंगत असतात. आपण कालवलेल्या पाण्यात एकही नसते. हे प्रकरण त्या उणिवेबद्दल आहे, आणि ती घरच्या घरी कशी भरून काढता येते त्याबद्दल.

वनस्पतिप्लवक म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या, बहुतेक एकपेशीय, सूर्यप्रकाशावर अन्न तयार करणाऱ्या सूक्ष्म जिवांचा मेळा. त्यांत काचेच्या डबीसारखे सिलिकाचे कवच असलेले डायॉटम आहेत, शेपट्या हलवत पोहणारी कशाभधारी शैवाले आहेत, आणि जीवाणूंच्या कुळातली निळी-हिरवी शैवालेही आहेत. पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणातला जवळजवळ निम्मा वाटा समुद्राचा आहे आणि त्यातला बहुतांश या डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पतींचा. कोकणातली तारली थेट वनस्पतिप्लवकांवर जगते. तिसऱ्या, कालवे, शिणाणे दिवसभर पाणी गाळून तेच खातात. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये जुहू, मुरुड, देवगडच्या किनाऱ्यांवर रात्री लाटा निळ्या उजळल्या होत्या. तो प्रकाश नॉक्टिल्युका नावाच्या प्लवकाचा होता. तो स्वतः इतर प्लवकांना गिळतो, म्हणून जिथे तो मोठ्या संख्येने दिसतो तिथे त्याच्या आधी भरपूर हिरवे खाद्य वाढून गेलेले असते.

मत्स्यपालनाच्या व्यवसायात हे खाद्य मुद्दाम वाढवायला शंभराहून अधिक वर्षे झाली. १९१० मध्ये प्लिमथच्या प्रयोगशाळेत ॲलन आणि नेल्सन यांनी समुद्री प्लवक भांड्यात वाढवण्याच्या पद्धती प्रसिद्ध केल्या. आयल ऑफ मॅन बेटावरच्या पोर्ट एरिनला मेरी पार्क यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस एक सोनेरी-तपकिरी शैवाल वेगळे केले. कालवांची पिल्ले त्यावर छान वाढतात असे दिसून आले. तेच आयसोक्रायसिस आजही हॅचरीत आणि हौशी लोकांच्या बाटल्यांत आहे. त्याच सुमारास जपानमध्ये फुजिनागा यांनी कोळंबीच्या अळ्यांना डायॉटम खाऊ घालून त्या जगवून दाखवल्या. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेत या शैवालांचे शुद्ध वाण जपले जातात आणि कोळंबीच्या हॅचरीत त्यांच्यावाचून पान हलत नाही. घरातली बाटली या व्यवसायाचेच धाकटे भावंड आहे.

आता मुख्य प्रश्न. प्रवाळ हे शैवाल खातो का? दुकानदार हिरवी बाटली पुढे करून ‘कोरल फूड’ म्हणतो तेव्हा त्यावर विश्वास ठेवायचा की नाही?

प्रवाळ हा प्राणी आहे. चिमुकल्या पुष्पासारखे शेकडो-हजारो पॉलिप एकत्र राहतात आणि खाली चुन्याचा सांगाडा रचत जातात. उथळ, उजेडाच्या समुद्रातल्या बहुतेक प्रवाळांच्या पेशींमध्ये झूझँथेली नावाची शैवाले वस्तीला असतात. ती प्रकाशावर साखर बनवतात आणि तिचा मोठा भाग यजमानाला देतात. चांगल्या उजेडात प्रवाळाची ९० टक्क्यांपर्यंत ऊर्जेची गरज त्यातून भागू शकते. म्हणून पाणी फार तापले आणि ही शैवाले बाहेर पडली की प्रवाळ पांढरा पडतो आणि उपासमारीकडे जातो. लक्षद्वीपने १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये हे अनुभवले आहे.

पण साखरेवर शरीर बांधता येत नाही. त्यासाठी नायट्रोजन, फॉस्फरस, स्निग्धाम्ले लागतात आणि ती मिळवायला प्रवाळ शिकार करतो. १९२८-२९ च्या ग्रेट बॅरिअर रीफ मोहिमेत सी. एम. याँग यांनी प्रवाळांच्या आहाराचा बारकाईने अभ्यास केला आणि हे प्राणी मांसाहारी आहेत, वनस्पती नाकारतात, असा निष्कर्ष काढला. पुढची कित्येक दशके तोच पाठ चालू राहिला. १९९५ मध्ये कॅथरिना फॅब्रिशियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तांबड्या समुद्रातल्या डेन्ड्रोनेफ्थिया या मऊ प्रवाळाकडे पाहिले आणि चित्र बदलले. या प्रवाळाच्या शरीरात झूझँथेली नाहीत. तो प्रवाहातून वाहत येणारे वनस्पतिप्लवकच गाळून खातो आणि त्याचे पोषण मुख्यतः त्यावर चालते, असे त्यांनी दाखवले. अंगठीतले पोवळेही याच बिनउजेडाच्या गटातले. भूमध्य समुद्रातला तो तांबडा प्रवाळ अंधाऱ्या कपारींत वाढतो, त्याच्यातही झूझँथेली नाहीत, आणि तो वाहत्या पाण्यातल्या कणांवर जगतो.

मला यातून निघणारे उत्तर असे वाटते. मऊ प्रवाळ, समुद्रपंखे, नळीत राहणारे पंखाळ किडे, काचपेटीतली शिंपलीवर्गीय जनावरे आणि स्पंज यांना हिरवे पाणी थेट उपयोगी पडते. कठीण सांगाड्याच्या बहुतेक प्रवाळांना ते थेट फारसे उपयोगी नाही. पण त्यांची शिकार असलेले कोपेपॉड हे चिमुकले कवचधारी जीव, हौशी मंडळींच्या भाषेत ‘पॉड्स’, या हिरव्या खाद्यावरच वाढतात. शैवालावर पॉड, पॉडवर प्रवाळ. बाटलीतला हिरवा रंग प्रवाळाचा घास म्हणून कमी आणि त्या घासाचे कुरण म्हणून जास्त महत्त्वाचा आहे. हे ध्यानात घेतले नाही तर माणूस टॉनिक ओतावे तसे शैवाल ओतत राहतो आणि प्रवाळ का वाढत नाही म्हणून खट्टू होतो.

आपल्या स्वतःच्या समुद्राकडे पाहिले तर हा फरक आणखी उमगतो. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०० किलोमीटरवर, कान्होजी आंग्रे यांचे नाव धारण करणारे आंग्रिया बँक हे बुडालेले पठार आहे. वीसेक मीटर खोल, स्वच्छ पाण्यात तिथे प्रवाळ आहेत. उलट मालवणला, सिंधुदुर्गाच्या तटाखाली, पाणी बऱ्याचदा गढूळ असते, पावसाळ्यात त्यात नद्यांचे गोडे पाणी मिसळते, आणि तरीही तिथे प्रवाळ तग धरून आहेत. मालवणचा सागरी परिसर १९८७ मध्ये अभयारण्य म्हणून जाहीर झाला. मुंबईच्या वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवरसुद्धा प्रवाळ निघाले. कोस्टल रोडच्या वाटेत आलेले प्रवाळ २०२० मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मदतीने दुसरीकडे हलवावे लागले. गढूळ पाण्यात प्रकाश कमी पोहोचतो, पण तरंगते खाद्य पुष्कळ असते, आणि काही जातींचे प्रवाळ अशा ठिकाणी साखरेची तूट खाण्यातून भरून काढतात. आंग्रियाचा प्रवाळ मुख्यतः उजेडावर जगत असेल, तर मालवणच्या प्रवाळाला ताटही भरलेले लागते. काचपेटीतही दिवा आणि ताट यांचा असाच हिशेब मांडावा लागतो.

इथेच कायद्याची गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. दगडी सांगाडा बांधणारे सर्व प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे हे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या परिशिष्ट १ मध्ये आहेत. वाघाला जे संरक्षण आहे तेच त्यांना. पूजासाहित्यात ‘इंद्रजाल’ म्हणून काळे जाळीदार झाड विकले जाते, तेही काळा प्रवाळ किंवा समुद्रपंखाच असते आणि ते बाळगणे गुन्हा आहे. मालवणच्या किनाऱ्यावरून उचललेला तुकडा पेटीत ठेवण्याचा विचारही करू नये. जी मंडळी ही विद्या शिकू इच्छितात त्यांच्यासाठी पंखाळ किडे, शिंपले, पॉड्स आणि या यादीबाहेरचे मऊ प्रवाळ एवढे विश्व पुरेसे मोठे आहे, आणि तेही कागदपत्रे तपासूनच घ्यावे. शैवाल वाढवायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही.

आणि या शैवालाची शेती नाशिककराला परकी वाटू नये. समुद्री शैवाल वाढवण्याचे जगभर सर्वाधिक वापरले जाणारे खत म्हणजे ‘एफ बाय टू’. रॉबर्ट गिलार्ड आणि जॉन रायथर यांनी १९६२ मध्ये ‘एफ’ नावाचे माध्यम प्रसिद्ध केले. पुढे ते निम्म्या तीव्रतेने पुरते असे दिसले आणि नावात ‘बाय टू’ आले. गिलार्ड यांचा १९७५ चा त्यावरचा लेख समुद्री अपृष्ठवंशीय प्राण्यांना खाऊ घालण्यासाठी प्लवक कसे वाढवावेत याच विषयावर होता. या खताची यादी पिंपळगाव, निफाड, दिंडोरीच्या कोणत्याही द्राक्षबागायतदाराने वाचली तर त्याला एकही नाव अनोळखी वाटणार नाही. नत्र नायट्रेटच्या रूपात, स्फुरद फॉस्फेटच्या रूपात, मग लोह, जस्त, मँगनीज, तांबे, मॉलिब्डेनम, कोबाल्ट. कृषी सेवा केंद्राच्या फळीवर तेरा-शून्य-पंचेचाळीस आणि शून्य-बावन्न-चौतीसच्या पिशव्या असतात. त्या म्हणजे पोटॅशियम नायट्रेट आणि मोनो पोटॅशियम फॉस्फेट. गिलार्ड यांच्या प्रमाणाशी जुळवायचे तर समुद्राच्या पाण्याच्या लिटरला पहिले सुमारे ९५ मिलिग्रॅम आणि दुसरे सुमारे ५ मिलिग्रॅम लागेल. सोबत येणारे पोटॅशियम समुद्रात आधीच असलेल्या साठ्यापुढे नगण्य आहे. बारा-एकसष्ट हे खत मात्र टाळावे. त्यातले नत्र अमोनियमच्या रूपात असते, आणि शैवालाने कार्बन डायऑक्साइड ओढून पाण्याचा सामू वर नेला की त्यातून विषारी अमोनिया मोकळा होतो.

हॅचरीच्या उघड्या टाक्यांत शेतीची खते सर्रास वापरतात. घरच्या प्रवाळपेटीसाठी मात्र मी प्रयोगशाळेच्या प्रतीची रसायने किंवा तयार एफ बाय टू द्रावण घेण्याच्या बाजूचा आहे. शेतीच्या खतात अशुद्ध धातूंचे जे अंश येतात ते वेलीला सोसतात, पण बंद पेटीत ते साचत जातात.

लोहाचा प्रश्न तर दोन्हीकडे सारखाच आहे. चुनखडीच्या जमिनीत द्राक्षाची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. जमिनीत लोह असते, पण अल्कधर्मी मातीत ते विरघळलेले राहत नाही आणि मुळांना मिळत नाही. म्हणून बागायतदार चिलेटेड लोह देतो. समुद्राचा सामू ८ च्या वर असल्याने तिथेही लोह गंजाच्या गाळासारखे खाली बसते, आणि गिलार्ड यांनीही तोच तोडगा काढला: ईडीटीएने लोहाचा कण धरून ठेवायचा. मोकळ्या महासागरात हा तोडगा करायला कोणी नाही, म्हणून दक्षिण महासागराचे मोठमोठे पट्टे नत्र-स्फुरद मुबलक असूनही लोहाअभावी ओसाड राहतात. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगनर संस्था यांनी २००९ च्या सुरुवातीला तिथे ‘लोहाफेक्स’ हा प्रयोग केला. सुमारे ३०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात लोह सोडल्यावर शैवाल वाढले, पण सिलिका कमी असल्याने डायॉटम फोफावले नाहीत, आणि जे वाढले ते कोपेपॉडांनी चरून टाकले. हवेतला कार्बन समुद्रतळाशी गाडण्याची आशा त्यामुळे फळली नाही. आपल्या दृष्टीने मात्र त्या निकालात फार मोलाची माहिती आहे. शैवाल वाढले की पॉड ते खातात आणि तेच आपल्याला पेटीत हवे असते. शिवाय डायॉटम वाढवायचे असतील तर खतात सिलिकेट वेगळे घालावे लागते, इतर जातींना त्याची गरज नसते.

तांब्याचे गणित मला सगळ्यांत जास्त थक्क करते. द्राक्षावरच्या डाऊनी रोगासाठी बागेत एक टक्का बोर्डो मारतात, म्हणजे १०० लिटर पाण्यात एक किलो मोरचूद. एफ बाय टूमध्येही मोरचूद आहे, पण लिटरला मिलिग्रॅमच्या जेमतेम शंभराव्या भागाइतके. दोन्हींत दहा लाख पटींचा फरक आहे. थोड्या तांब्याशिवाय शैवालाची काही विकरे चालत नाहीत, आणि जरा जास्त झाले की शैवाल, पॉड, प्रवाळ सगळे मरतात. म्हणून बागेच्या घरात ही शेती करणाऱ्याने फवारणीचे माप, बादली, गाळणी यांतले काहीही इकडे आणू नये.

यादीत शेवटी तीन जीवनसत्त्वे येतात: थायमिन, बायोटिन आणि बी-१२. पुष्कळ शैवालांना बी-१२ स्वतः बनवता येत नाही. समुद्रात ते जीवाणूंकडून मिळते. लिटरला फक्त अर्धा मायक्रोग्रॅम लागते, म्हणजे एक ग्रॅम बी-१२ वीस लाख लिटर पाण्याला पुरेल. उष्णतेने जीवनसत्त्वे बिघडतात, म्हणून ती पाणी निर्जंतुक करून थंड झाल्यावर घालायची.

आता प्रत्यक्ष कृती. जात निवडताना पहिल्यांदा नॅनोक्लोरॉप्सिस घ्यावे. दोन ते चार मायक्रोमीटरची गोल हिरवी पेशी, काटक, चुका पोटात घालणारी, ईपीए या स्निग्धाम्लाने समृद्ध. तिच्या पेशीचे कवच जाड असल्याने सगळ्यांना ती सारखी पचत नाही. हात बसला की जोडीला आयसोक्रायसिसचा ताहिती वाण घ्यावा. त्यात डीएचए हे स्निग्धाम्ल असते, कवच नसते, आणि मूळ उष्ण प्रदेशातला असल्याने इतर आयसोक्रायसिसपेक्षा उन्हाळा जरा बरा सोसतो. टेट्रासेल्मिस मोठे आणि पोहणारे असते, पॉड्सना ते आवडते. सुरुवातीचे बियाणे संशोधन संस्थेकडून, हॅचरीतून किंवा दुसऱ्या हौशी माणसाकडून आणायचे. रामकुंडाच्या किंवा एखाद्या तळ्याच्या हिरव्या पाण्याचा इथे उपयोग नाही. गोड्या पाण्यातली शैवाले खाऱ्या पाण्यात तगत नाहीत, आणि त्यांच्याबरोबर काय काय येईल त्याचा नेम नसतो.

हे बियाणे विरजणासारखे वापरायचे. दोन लिटरच्या स्वच्छ बाटलीत दीडेक लिटर खारे पाणी, त्यात खत, आणि त्यात चौथा-पाचवा हिस्सा गडद हिरवे बियाणे. विरजण फार कमी पडले तर दुसरेच काहीतरी आधी माजते. शैवालासाठी पाणी पेटीपेक्षा थोडे कमी खारट चालते. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या १९९६ च्या मार्गदर्शिकेत लिटरला २० ते २४ ग्रॅम क्षारता, १८ ते २४ अंश तापमान आणि किमान १६ तास उजेड हे सर्वांत अनुकूल मानले आहे. बाटलीच्या तळापर्यंत जाणारी एक ताठ नळी, तिला हवेचा छोटा पंप, आणि हातभर अंतरावर पांढरी एलईडी ट्यूब. तळाशी दगडी फुगेकाढू लावू नये. त्याच्या छिद्रांत घाण अडकते आणि बारीक फेसाने पेशी वर चिकटून मरतात. मोठे, संथ बुडबुडे हवेत. त्यांचे मुख्य काम पेशी तळाशी बसू न देणे आणि त्यांना कार्बन डायऑक्साइड पोहोचवणे हे आहे.

पाणी निर्जंतुक करायला दोन वाटा आहेत. घरचा प्रेशर कुकर पूर्ण दाबाला १२० अंशांच्या आसपास पोहोचतो, म्हणजे तो छोटा ऑटोक्लेव्हच. उष्णता सोसणाऱ्या काचेच्या चंबूत, तोंडाला कापसाचा बोळा आणि वर फॉइल बांधून, पंधरा-वीस मिनिटे. प्लास्टिकची बाटली त्यात घालू नये. खारे पाणी असे तापवल्यावर थोडे दुधट होते, कारण कार्बोनेट खाली बसते. दुसरी वाट बिनसुवासाच्या ब्लीचची: लिटरला अर्धा ते एक मिलिलिटर, झाकून रात्रभर, मग सोडियम थायोसल्फेटने क्लोरीन मारायचे. जुन्या फोटोस्टुडिओंतला ‘हायपो’ तो हाच. क्लोरीन खरेच गेले का ते मत्स्यपेटीच्या तपासणी संचाने पाहूनच बियाणे घालावे.

पहिले एक-दोन दिवस काही घडत नाही. पेशी नव्या पाण्याशी जुळवून घेतात. मग चांगल्या स्थितीत दर एक-दोन दिवसांत संख्या दुप्पट होत जाते, फिका पोपटी रंग आठवड्याभरात गडद हिरवा होतो, आणि बाटलीमागचे बोट दिसेनासे होते. याच्या पुढे वाट पाहण्यात फायदा नाही. गर्दीमुळे आतल्या पेशींना उजेड मिळत नाही, खत संपते, वाढ थांबते आणि मग ऱ्हास सुरू होतो. वाढ मंदावू लागली की अर्धी बाटली काढून घ्यायची आणि उरलेल्या अर्ध्यात नवे पाणी व खत घालायचे. काढलेले पीक फ्रिजमध्ये, गोठणार नाही अशा कप्प्यात, दोन-तीन आठवडे टिकते. रोज एकदा हलवायचे, नाहीतर पेशी तळाशी बसून कुजतात.

नाशिकचे हवामान या शेतीला वर्षातले निम्मे महिने अनुकूल आहे. ऑक्टोबर छाटणीपासून द्राक्षाचा हंगाम संपेपर्यंत बाटल्या सुखात असतात. निफाडला पारा पाच अंशांखाली जातो तेव्हा वाढ मंदावते, पण दिव्याची ऊब पुरते. मार्च अखेरीपासून मात्र कसोटी लागते. खोली ३५ अंशांवर गेली की आयसोक्रायसिस आधी कोलमडते आणि मग नॅनोक्लोरॉप्सिस. बाटल्या घराच्या सर्वांत खालच्या मजल्यावर, उत्तरेच्या भिंतीला, पाण्याच्या परातीत ओल्या कापडात ठेवायच्या आणि दिवा दिवसाऐवजी रात्री लावायचा. शैवालाला दिवस कोणता आणि रात्र कोणती याच्याशी देणेघेणे नसते. वीज गेली तर पेशींना काही तास धोका नसतो, पण पंप बंद पडल्यावर पाणी नळीतून उलटे पंपात उतरते, म्हणून एकदिशा झडप लावणे किंवा पंप बाटल्यांपेक्षा उंच ठेवणे आवश्यक आहे.

पंप ज्या खोलीतली हवा ओढतो ती हवा कशी आहे याचा विचार फार कमी लोक करतात. डासांची कॉइल आणि प्लगमध्ये लावायचे द्रव औषध यांत पायरेथ्रॉइड असतात. माणसाला ती त्या मानाने सौम्य असली तरी मासे आणि विशेषतः पॉड्ससारख्या कवचधारी जिवांना अत्यंत विषारी असतात, आणि पंप ती थेट पाण्यात सोडतो. बागेशेजारच्या घरात फवारणीच्या दिवशीही हाच धोका. त्या वेळी पंप बंद ठेवावा किंवा दुसऱ्या खोलीतून नळी आणावी. एरवीही हवेच्या वाटेत कापसाचा बोळा असावा.

तरीसुद्धा एखाद्या दिवशी बाटली ‘क्रॅश’ होते. रात्रीत रंग पिवळट, तळाशी चोथा, वर फेस, उघडल्यावर कुजका वास. बहुतेक वेळा पाण्याच्या थेंबातून किंवा बोटावरून शिरलेला एखादा रोमकयुक्त प्राणी किंवा चक्रधर प्राणी शैवाल चरून गेलेला असतो. म्हणून पॉड्सच्या बाटल्या आणि शैवालाच्या बाटल्या एकाच टेबलावर ठेवू नयेत आणि दोन्हींना एकच नळी, एकच नरसाळे वापरू नये. आधी शैवालाची कामे, मग पॉड्सची, हा क्रम कायम पाळावा. शाळेच्या दर्जाचे साधे सूक्ष्मदर्शक असेल तर ४०० पट वाढवून पाहताना स्थिर हिरव्या ठिपक्यांमध्ये काहीतरी रंगहीन धावताना दिसते, आणि बाटली डोळ्यांना बिघडलेली दिसण्याच्या दोन दिवस आधीच समजते. या छंदात खर्च करायचाच असेल तर तो मी सूक्ष्मदर्शकावर करीन.

आता ताटात किती वाढायचे. समजा पेटी २०० लिटरची आहे आणि रोज १०० मिलिलिटर हिरवे पाणी घालतो. खत अजिबात वापरले गेले नसेल असे धरले तर एफ बाय टूच्या लिटरमध्ये सुमारे ५५ मिलिग्रॅम नायट्रेट आणि साडेतीन मिलिग्रॅमच्या आसपास फॉस्फेट असते. त्या हिशेबाने महिन्याला पेटीत लिटरमागे सुमारे ०.८ मिलिग्रॅम नायट्रेट आणि ०.०५ मिलिग्रॅम फॉस्फेट वाढेल. नायट्रेटची ही भर किरकोळ आहे. फॉस्फेटची नाही, कारण अनेक प्रवाळपेट्यांत एकूण फॉस्फेटच तेवढे ठेवण्याचा प्रयत्न असतो. पेशींनी ते खत शोषलेले असले तरी हा नत्र-स्फुरद शेवटी पेटीतच येतो. फरक इतकाच की पेशीच्या रूपात आला तर कुणीतरी तो खातो, द्रावणाच्या रूपात आला तर काचेवरचे नको असलेले शेवाळ त्यावर माजते. म्हणून पूर्ण वाढलेली, खत संपत आलेली बाटलीच वापरावी, सुरुवात वीसेक मिलिलिटरने करावी आणि दर आठवड्याला फॉस्फेट मोजूनच प्रमाण वाढवावे. घालताना फेस काढणारे स्किमर तासभर बंद ठेवायचे, नाहीतर वाढलेले अन्न तेच उचलून नेते. दिवे मालवल्यावर, पॉलिप फुललेले असताना घातले तर उत्तम.

डेन्ड्रोनेफ्थियाविषयी एक विनंती. कार्नेशनसारखा गुलाबी-केशरी दिसणारा हा प्रवाळ बाजारात पाहून कुणालाही मोह पडेल. त्याला चोवीस तास वाहता प्रवाह आणि त्या प्रवाहात सतत अन्न लागते. दिवसातून एकदा हिरवे पाणी घालणाऱ्या घरात तो हळूहळू आकसत संपतो. ज्यांच्याकडे ठिबकासारखी अखंड खाद्य सोडणारी यंत्रणा आणि ते सगळे पाणी शुद्ध ठेवण्याची ताकद नाही त्यांनी तो घेऊ नये. पॉड्सपासून सुरुवात करावी: एका बाटलीत हिरवे पाणी, दुसऱ्या बाटलीत त्यावर वाढणारे पॉड, आणि आठवड्यातून एकदा त्यांतले मूठभर पेटीत.

बिघडलेली किंवा जास्तीची बाटली मोरीत तशीच ओतू नये. आधी ब्लीच घालून रात्रभर ठेवावी, म्हणजे बाहेरून आणलेले जिवंत वाण पुढे जात नाहीत. मग क्लोरीन मारून, भरपूर पाण्याबरोबर सांडपाण्यात सोडावी, नाल्यात किंवा थेट गोदावरीत नाही. नदीत सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर आधीच पाणवेली माजतात, आणि आपल्या बाटलीत नेमके तेच दोन पदार्थ असतात.